हेडवरची रेघ

१८ सप्टें. ९७, गुरुवार

सुधाकररावांनी आज जाहीर केलं की बाबांच्या गाडीला गिऱ्हाईक आलंय. चहाचा कप तोंडाला लावता लावता, रद्दीवाला येऊन जाणार असल्यासारखं. हे माझ्या धाकट्या बहिणीचे, कुमुदचे यजमान. कोथरूडला स्वतःचं घर, घरापुढे पोर्च, बाबा गेल्यापासून गाडी त्या पोर्चमध्ये उभी. एवढ्या भांडवलावर माणसानं किती बोलावं? "ताई, तुमच्या भावना समजतात हो मला. पण भावनांवर गाडी चालत नाही."

गिऱ्हाईक मुंबईचं. गाडी घेऊन करणार काय, विचारलं तर "हौशी गृहस्थ आहेत" एवढंच.

मी म्हटलं, इंजिन ठणठणीत आहे. फक्त इनटेकचा मॅनिफोल्ड फुटलाय. कार्ब्युरेटरमधून निघालेलं पेट्रोल आणि हवा चारी सिलिंडरांना वाटून देणारा तेवढा एक बिडाचा तुकडा. त्याला तडा गेला, तसला नवा कुठे मिळत नाही, जुना बाजार पालथा घालून झाला, म्हणून गाडी बंद. "मग करा की घरी. खडकीला ड्रॉइंग ऑफिसात होतात ना इतकी वर्षं?" टोमणा होता. मी सरळ प्रश्न म्हणून घेतला. म्हटलं, करते.

ठरलं ते असं: दिवाळीच्या आत गाडी स्वतःच्या इंजिनावर फाटकाबाहेर जाऊन परत आत आली, तर विकायचं नाव काढायचं नाही. नाही गेली तर विक्रीच्या कागदांवर सही. गाडी आम्हा दोघी बहिणींच्या नावावर आहे. मी कबूल म्हटलं. सु.रा. कबूल म्हणाले. कु. आत पोळ्या करत होती.

येताना बसमध्ये संताप आवरत नव्हता. विश्रांतवाडीला उतरेपर्यंत डोक्यात अर्धं ड्रॉइंग काढून झालं होतं.

२० सप्टें., शनि.

सकाळी सु.रां.चा फोन. पितृपक्ष चालू आहे, नव्या कामाला हात घालू नये, गिऱ्हाइकालाही सर्वपित्री झाल्यावरच बोलावलंय. मी म्हटलं, वडिलांच्याच गाडीचं काम, याला पितृपक्षाहून चांगला मुहूर्त कुठला? आणि फोन ठेवला. दिवाळीपर्यंतची मुदत द्यायची आणि त्यातला पंधरवडा पितरांच्या नावानं कापून घ्यायचा! हिशेबी माणूस.

दुपारी खडकी बाजारात, रशीदभाईंकडे. माझ्याच फॅक्टरीत वेल्डिंगला होते. माझ्या ड्रॉइंगवर समोर उभं राहून हुज्जत घालणारा तो एकच माणूस, बाकीचे मागून घालायचे. आता घराच्या खालीच वेल्डिंगचं दुकान आहे. फुटका मॅनिफोल्ड हातात घेऊन उलटासुलटा केला. म्हणाले, "बाई, ओतकाम आपल्याच्यानं होणार नाही. पण पट्टी आणि पाइप द्या, जोडून देतो. हेडला बसवायचं तुम्ही बघा."

म्हणजे असं: हेडवर, सिलिंडरांवरच्या बिडाच्या झाकणावर, बसणारी एक जाड लोखंडी पट्टी. हेडला हवा आत घेणारे चार पोर्ट आहेत, त्यांच्या बरोबर समोर पट्टीला चार भोकं. भोकांना चार वाकवलेले पाइप. पाइपांच्या दुसऱ्या टोकाला कार्ब्युरेटरची बैठक. कागदावर सोपं. सगळा जीव त्या 'बरोबर समोर' मध्ये आहे.

२४ सप्टें., बुध.

कोथरूड. गाडीचं हेड उतरवून मागच्या पडवीत पाटावर ठेवलं. वजनाला मदत सु.रां.नी केली आणि मग तासभर कंबर धरून बसले.

पोर्टांचा ठसा घेतला. हेडवर कागद ताणून वरून तेलकट अंगठा फिरवायचा, कड काळी उमटते. लहानपणी नाण्याचा काढायचो तसाच. बाबांनी शिकवलेलं. कु. शिवणाच्या खोलीतून आली. अर्ध्या गल्लीची ब्लाउजं ती शिवते, गळ्यात टेप असतोच. म्हणाली, "मी कागद धरू का?" म्हटलं, नको, हलला तर माप जाईल.

ठसा झकास आला.

२८ सप्टें., रवि.

पाइप हव्या त्या मापाचा पुण्यात नाही. एक माप मोठा घ्यावा लागला. विकणारा म्हणतो, "थोडं उन्नीस-बीस चालतं." याचं चालतं म्हणून या शहरात एक नळ धड बंद होत नाही.

र.भाईंनी जोडला. दिसायला देखणा. पण गुण्याची कड लावून बघितलं तर पट्टी केळ्यासारखी वाकलेली. वेल्डिंगच्या उष्णतेनं ओढली गेली. र.भाई स्वतःवरच चिडले, म्हणाले, जाड प्लेटला आवळून करायला हवं होतं, घाई केली. घाई कुणामुळे? माझ्यामुळे. माझी घाई कुणामुळे? ते नाव इथे परत लिहीत नाही.

सु.रा. फोनवर: "मग, झाली का चालू?" जणू इस्त्री दुरुस्तीला टाकली आहे.

१ ऑक्टो., बुध. सर्वपित्री.

काचेवर पॉलिश पेपर चिकटवून पट्टी घासत बसले. घासायची, गुण्या लावायचा, उजेडाला धरायचं, परत घासायची. शेजारच्या बाईंनी खिडकीतून विचारलं, "एवढा वेळ काय किसताय?" नारळ, म्हटलं.

संध्याकाळी पट्टीखालून उजेड दिसायचा बंद झाला. खांदा कामातून गेला. पण मन शांत. बऱ्याच दिवसांनी.

५ ऑक्टो., रवि.

शांत वगैरे काही नाही. गिऱ्हाईक येऊन गेलं. हौशी गृहस्थ!

महामार्गावर हॉटेल काढतायत. गाडी दारात उभी करणार. बॉनेट काढून टाकायचं आणि आत माती भरून शेवंती लावायची. म्हणे, फोटोला लोक थांबतात. मी विचारलं, इंजिन? "इंजिन काढून टाकू ना आंटी, वजन कशाला उगीच." बाबा दर रविवारी ज्या इंजिनाचे प्लग पुसायचे ते वजन. उगीच. टेप काढून गाडीची लांबी-रुंदी मोजली आणि सु.रा. दुसरं टोक धरून उभे! स्वतःच्या सासऱ्याच्या गाडीला कुंडी करायला टेप धरतात!

मी तोंडावर सांगितलं की दिवाळीनंतर या, आलात तर गाडीतूनच स्टेशनला सोडेन. तो हसला. मला आंटी म्हणाला तेव्हाच त्याला घालवून द्यायला हवं होतं.

कु. पोह्यांच्या बशा उचलून आत गेली. नवऱ्यापुढे ही कधी बोलेल तर शपथ. लहानपणापासूनची घुमी.

७ ऑक्टो., मंगळ.

आज मॅनिफोल्ड हेडला लावून पाहिला. नट-बोल्ट जागच्या जागी. पण तोंडं जुळत नाहीत.

हेडच्या त्या बाजूला मार्किंगचा निळा रंग फासला, मॅनिफोल्ड टेकवला आणि त्याच्या तोंडांची कड आतून सुईनं हेडवर ओढून घेतली. मॅनिफोल्ड काढल्यावर निळ्यावर लख्ख पांढरी रेघ. चारी पोर्टांच्या भोवती, पण बाहेरून. म्हणजे मॅनिफोल्डचं तोंड मोठं, हेडचा पोर्ट लहान. मोठा पाइप घेतला त्याचं फळ.

उलटं असतं तर चाललं असतं. हवा लहान तोंडातून मोठ्यात गेली तर तिची तक्रार नसते. मोठ्यातून लहानात जाताना हेडची कड मध्ये उंबऱ्यासारखी येते, हवा तिथे ठेचकाळते, इंजिन धड चालत नाही.

उपाय सोपा. र.भाई मॅनिफोल्डच्या तोंडात आतून वेल्ड भरून देतील, मग मी कानशीनं घासत घासत हेडच्या मापाला आणेन. जे काही करायचं ते मॅनिफोल्डवर. हेडला हात नाही. मॅनिफोल्ड बिघडला तर दुसरा करू. हे हेड बिघडलं तर दुसरं कुठून आणणार? सु.रां.ना दोनदा बजावलं, उचलायलासुद्धा हेडजवळ जाऊ नका. "मी कशाला जाऊ?" म्हणाले.

मॅनिफोल्ड र.भाईंकडे पोचवला. दसरा झाल्यावर देतो म्हणाले. त्यांच्याकडचा मदतनीस सणाला गावी जातोय. हेड कोथरूडच्या पडवीतच, वर चादर टाकून.

१० ऑक्टो., शुक्र. खंडेनवमी.

बाबांची हत्यारांची पेटी कु.कडे असते, म्हणून पूजा दर वर्षी तिथेच. सगळ्या कानशी रॉकेलनं पुसल्या, पाने, कॅलिपर, गुण्या, पाटावर मांडून हळद-कुंकू, झेंडू. कु.नं शिलाई मशीन पुसून हार घातला, कातर आणि टेप मशीनवर ठेवले. बाबांचा नियम: पूजेतलं हत्यार दसऱ्याच्या संध्याकाळपर्यंत उचलायचं नाही. कु. म्हणाली, सणाचे ब्लाउज काल देऊन टाकले, आता दोन दिवस हाताला काही काम नाही.

सु.रां.नी नवीन ड्रिलिंग मशीन घेतलंय, त्याला घासायचे दगड वगैरे बसतात. ते पूजेत ठेवा म्हटलं तर, "नको, गॅरंटीत आहे. कुंकू गेलं आत तर ते लोक बदलून देणार नाहीत." देवालासुद्धा पावती दाखवेल हा माणूस.

जेवून परत. उद्या घरीच.

१२ ऑक्टो., रवि.

हेड घासलंय.

चादर काढली. चारी पोर्ट. निळा रंग कडेनं उडालेला, आत चकचकीत ताजं बीड. मोठे केलेत. मॅनिफोल्ड लहान करायचा होता आणि हेड मोठं करून ठेवलं! तिसऱ्या पोर्टात तर खालच्या अंगाला सरळ खड्डा, बोटाचं पेर बसेल असा. त्याच अंगाला पलीकडून इंजिनाचं पाणी खेळतं. मधली भिंत आता किती उरली असेल, देव जाणे. ती फुटली तर पाणी पोर्टात, पोर्टातून सिलिंडरात, आणि संपलं.

पाटाखाली लोखंडाचा कीस. ड्रिलिंग मशीन तिथेच, दगड लावलेला.

सु.रा. पोर्चमध्ये पेपर वाचत होते. मी फाटकात उभी राहून बोलले. शेजारपाजारचे बाहेर आले, येऊ देत म्हटलं. विचारलं, गाडी विकायची एवढी घाई होती तर रात्री काडी लावायची होती, हे कशाला केलंत? दोनदा बजावलं होतं ना? बाबांनी तुम्हाला मुलगी दिली, हेड घासायचा परवाना नव्हता दिला! आयुष्यात एवढं मोठ्यानं बोलले नव्हते.

एरवी एका शब्दाला चार शब्द असणारा माणूस. आज पेपरची घडी घातली, एकदा घरात बघितलं आणि गप्प. चोराचं मौन.

कु. बाहेर आली नाही.

१३ ऑक्टो., सोम.

जेवण गेलं नाही. संताप जरा खाली बसला की तो खड्डा डोळ्यांपुढे येतो.

मला सगळ्यात चीड कशाची येते? बाहेरून आणलेली, चार दिवसांपूर्वी केलेली वस्तू बसत नाही, तर जी मूळची आहे ती कापायची. आणि हे फक्त लोखंडाचं नाही. फॅक्टरीत नवे साहेब आले की माझं टेबल हलायचं. कधी साहेबांचं हललेलं पाहिलं नाही.

१५ ऑक्टो., बुध.

रिक्षात हेड मांडीवर घेऊन र.भाईंकडे. कोथरूडला आज सु.रा. घरी नव्हते, बरं झालं. कु.नं रिक्षापर्यंत धरून आणलं. डोळे सुजलेले. नवऱ्यानं केलं, ही रडतेय. मी काही विचारलं नाही.

र.भाईंनी बोट फिरवलं, बॅटरी मारली. म्हणाले, "बाई, शिव्या नंतर द्या. आधी गळतंय का बघा. पाण्याची भोकं रबर लावून बंद करा, आत पाणी भरा, पोर्टात कोरडा कागद ठेवा. कागद कोरडा राहिला तर भिंत शाबूत. ओला झाला तर..." "तर वेल्ड कराल?" "बिडाला? करीन. टिकेल म्हणून सांगणार नाही. खोटं कशाला बोलू?"

मॅनिफोल्ड तयार होता, तोंडं आतून भरलेली. दोन्ही घेऊन घरी.

घरी उजेडात नीट पाहिलं. एक गोष्ट पटत नाही. माझी पांढरी रेघ चारी पोर्टांभोवती जशीच्या तशी आहे. दगड रेघेपर्यंत कुठेच गेलेला नाही. रेघेच्या आत बारीक जागा सोडलीय आणि ती सगळीकडे सारखी, वळणावरसुद्धा. त्या खड्ड्याची जागा सोडली तर हात स्थिर आहे. सु.रां.ना पेरूच्या सारख्या फोडी करता येत नाहीत.

१६ ऑक्टो., गुरु.

कु. आली. एकटी, दोन बस बदलून. चप्पल काढायच्या आधी दारातच म्हणाली, "ताई, हेड मी घासलं."

मी खुर्चीत बसले.

दसऱ्याला केलं म्हणे. मशीन पूजेत, कातर पूजेत, हात रिकामे. मला आश्चर्याचा धक्का द्यायचा होता. दिला. कानशी घेतल्या असत्या, पण त्याही पूजेत, त्यांना कसा हात लावायचा? म्हणून पूजेत नसलेलं ते एकच यंत्र घेतलं. कानशीनं घासलं असतं तर आठवड्यात नखभर गेलं नसतं! नियम पाळला तोही असा!

"पण घासायला सांगितलं कुणी?"

"तू रेघ मारली होतीस ना."

"ती बघायला मारली होती! किती फरक आहे ते कळायला!"

"मला काय माहीत? कापडावर रेघ मारली की तिथे कापायचं असतं. तुझ्या कागदावर रेघ म्हणजे काय ते तू मला कधी सांगितलंस?" मग म्हणाली, "आणि रेघेवर नाही कापलं. आतून माया ठेवली. लागलं तर नंतर काढता येतं."

तिसऱ्या पोर्टात दगड उसळून आत रुतला, खड्डा पडला. तरी चौथा केला. का? "तीनच केले असते तर अर्धवट दिसलं असतं."

मी खूप बोलले. ते लिहीत नाही. ती ऐकत होती आणि मग तिचाही बांध फुटला. "बाबांची गाडी म्हणजे तुझी गाडी. बॉनेट उघडलं की बाबा तुला हाक मारायचे, मला चहाला पिटाळायचे. त्या गाडीची सीटकव्हरं तीनदा शिवली मी. स्प्रिंगा वर आल्या तेव्हा आतलं काथ्याचं भरण बदललं. बाबा गेल्यावर ती पुसते कोण, माहीत आहे तुला? तू महिन्यातून एकदा येतेस नि टायर दाबून बघतेस."

सीटकव्हरं आणि सिलिंडर हेड! एकाच पंगतीला! मी तसं म्हटलंही. ती पदर खोचून निघून गेली. चहासुद्धा घेतला नाही.

ती म्हणते ते खोटं नाही. म्हणून जास्त राग येतो.

१८ ऑक्टो., शनि.

कोथरूडला गेले. सु.रां.ना विचारलं, तुम्हाला ठाऊक होतं तर त्या दिवशी गप्प का बसलात? गल्लीसमोर मला खोटं पाडायला?

म्हणाले, "घरातल्या माणसाची तक्रार फाटकात उभं राहून करायची सवय नाही मला, ताई."

यातला प्रत्येक शब्द मला उद्देशून. इतकी वर्षं हा माणूस बडबड करतो म्हणून मी वैतागत होते, आता गप्प बसला म्हणून वैतागले आहे. माफी मागायला तोंड उघडलं होतं, तेवढ्यात म्हणाले, "ड्रिलिंग मशीनची गॅरंटी मात्र गेली. आत कीस गेलाय." मिटलं तोंड.

१९ ऑक्टो., रवि.

हेड परत कोथरूडच्या पडवीत आणलं. र.भाईंनी भरलेली मॅनिफोल्डची तोंडं आता हेडच्या नव्या मापाला आणायची. म्हणजे भरलेलंच पुन्हा थोडं थोडं काढायचं. कुणाच्या करणीनं, ते सगळ्यांना माहीत आहे.

एक आणि दोन नंबर आज झाले. मॅनिफोल्ड बसवून आतून बोट फिरवलं. पट्टी कुठे संपते आणि हेड कुठे सुरू होतं ते बोटाला कळत नाही. माझ्या मूळच्या बेतात इतकं जुळलं नसतं, कारण लहान पोर्टाला दोन कोपरे होते, ते तिनं गळा गोल करावा तसे गोल केलेत. हे लिहिताना हात जड होतोय.

कु. शिवणाच्या खोलीत मशीन चालवत होती. बोललो नाही. जेवताना वरण वाढताना "पुरे" एवढं मी म्हटलं.

दुपारी हेडची पाण्याची भोकं रबर-पट्टी लावून आवळली, आत पाणी भरलं. चारी पोर्टांत वर्तमानपत्राचे कोरडे तुकडे. सकाळी बघायचं.

२० ऑक्टो., सोम.

एक, दोन, चार कोरडे. तिसऱ्या कागदावर डाग. हरभऱ्याच्या डाळीएवढा.

मी म्हटलं, पाणी. कु. म्हणाली, "कागद मी काढला, माझा हात ओला होता." मी म्हटलं, तुला कागद काढायला सांगितलं कुणी? ती म्हणाली, "कुणीच नाही. मला कुणीच काही सांगत नाही." आत गेली. मशीनचा आवाज सुरू. पहिल्यापेक्षा जोरात.

कागद बदलला.

२१ ऑक्टो., मंगळ.

कागदावर परत डाग, पण कालच्याहून लहान आणि कडेला. पाण्याचा की माझ्याच रॉकेलच्या बोटाचा, सांगता येत नाही. वास घेतला. सर्दी झालीय, काही कळत नाही. र.भाईंना फोन केला. म्हणाले, बीड कधी कधी आधी पाझरतं आणि गंज धरून बंदही होतं, कधी वाढत जातं. दोन्ही शक्य. म्हणजे काहीच न सांगितल्यासारखं, पण निदान सांगितल्याचा आव तरी आणत नाहीत.

मॅनिफोल्डचे तीन आणि चार नंबर घासून झाले. कु. दारात उभी राहून बघत होती. कानस पुढे ढकलतानाच दाब द्यायचा, मागे आणताना उचलायची, असं मी म्हटलं. हवेला म्हटलं. ती म्हणाली, "कातरही तशीच असते." मी मान वर केली नाही.

२२ ऑक्टो., बुध.

दुपारी आम्ही दोघी पडवीत. जुना कागद काढायचा, पोर्ट पुसायचा, नवा घालायचा. हात कोरडे करून मी तिला म्हटलं, तूच घाल, तुझी बोटं बारीक आहेत.

सु.रा. दारात आले. गिऱ्हाइकाचा फोन होता. रविवारी येतोय, टेम्पो घेऊनच. "मी काही वाईटपणा घेत नाही, ताई. पण हेड गळत असेल तर गाडी काही दिवाळीत चालत नाही. ठरल्याप्रमाणे सही तेवढी करून टाकू."

ठरलं होतं. शब्द मी दिला होता. टेम्पो, माती, शेवंती, सगळं डोळ्यांपुढून गेलं. म्हटलं, शब्द दिलाय तर करीन सही.

कु. पोर्टात कागद सरकवत होती. मान खालीच. म्हणाली, "तिची सही मिळेल तुम्हाला. तिनं शब्द दिलाय. मी नाही दिलेला."

सु.रा. म्हणाले, "म्हणजे?"

"म्हणजे मी सही करणार नाही. गाडी चालली तरी नाही, नाही चालली तरी नाही."

सु.रा. आत गेले. फोन उचलल्याचा आवाज आला, परत ठेवल्याचा आला. कुणाला केला की नुसताच उचलला, माहीत नाही.

आणि मला काय झालं म्हणावं? आनंद व्हायला हवा होता. संतापाची तिडीक गेली डोक्यात. म्हटलं, बाई गं, हे तुझ्या मनात होतं तर सप्टेंबरात का नाही बोललीस? खांदा गेला माझा, जेवण गेलं, जिवाचं रान केलं. तू एक शब्द बोलली असतीस तर या हेडला कुणी हात लावला नसता!

ती उठली, पदराला हात पुसले. म्हणाली, "मला विचारलंत कुठे? तुम्ही दोघांनी बाहेर ठरवलंत आणि आत येऊन पोळ्या वाढ म्हणालात."

मी पाण्याच्या भोकांची रबर-पट्टी पुन्हा आवळली.

कागद तिसऱ्या पोर्टात आहे. उद्या तो मी एकटीनं काढायचा नाही, ती समोर असल्याशिवाय बघायचासुद्धा नाही, अशी तिची अट. मान्य केली.